शिवेवरची पिशवी

“गुन्हा कबूल आहे का?”

न्यायाधीशांनी कागदावरून मान न उचलता विचारलं. समोर उभ्या असलेल्या सायसिंगने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मी त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

“साहेब, आरोपीशी बोलायला थोडा वेळ हवाय.”

“मॅडम, परवान्याशिवाय दारू बाळगल्याची केस आहे. यात काय बोलायचंय?”

“साहेब, केस माझ्याकडे आत्ताच आली आहे.”

ते खरं होतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना विधी सेवेतून फुकट वकील मिळतो. त्या पॅनलवर माझं नाव आहे. तालुक्याच्या कोर्टात सोमवारी गेलं की असे चार-पाच कागद हातात पडतात. बहुतेक दारूचे. त्यांचा एक ठरलेला मार्ग असतो, त्याला आम्ही ‘प्लीड गिल्टी’ म्हणतो. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, कोर्टाने थोडा दंड करायचा, तो भरून माणसाने दुपारच्या गाडीने घरी जायचं. साक्षी नाहीत, तारखा नाहीत. कोर्टाचं काम हलकं होतं, माणसाची मजुरी बुडत नाही. सगळे खूश.

“दुपारी पुकारा,” न्यायाधीश म्हणाले.

व्हरांड्यात सायसिंग माझ्यावर नाराज होता. उंच, सडपातळ पोरगा. वय बावीस. अक्कलकुवा तालुक्यातला, खापरच्या पुढे डोंगराकडच्या एका पाड्यावरचा. पायात धावायचे बूट.

“मॅडम, मी कबूल करणारच होतो. पिशवी माझ्याच हातात होती. दंड भरतो, संपलं.”

“काय संपलं?”

“विषय. आमच्याकडे पंचांसमोर कबूल केलं, दंड भरला की विषय संपतो. मग कोणी तो काढत नाही. काढला तर काढणाऱ्यालाच दंड.”

“आणि तू काय करतोस?”

“पोलीस भरतीची तयारी.”

शेजारी उभा असलेला कोर्टाचा शिपाई हसला. “घ्या! ज्यांच्यात जायचं त्यांनीच धरलं.”

मला हसू आलं नाही. कोर्टात दंड भरला की विषय संपत नाही, सुरू होतो. दंड कितीही छोटा असो, त्याचं नाव शिक्षाच. भरतीत निवड झाली तरी पुढे चारित्र्य पडताळणी असते. म्हणजे उमेदवारावर कधी गुन्हा होता का, शिक्षा झाली का, हे तपासतात. तिथे ‘शिक्षा झाली’ असं निघालं की बहुतेक वेळा नोकरी गेलीच. हे मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

“दंड घेऊन पण लक्षात ठेवतात?”

“कायमचं.”

“मग दंड कशाचा घेतात?”

याचं उत्तर मला कायद्याच्या वर्गात कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी मी त्याच्या वतीने ‘गुन्हा कबूल नाही’ असं सांगितलं. खटला उभा राहिला.

मग मी मुळापासून विचारलं, झालं काय होतं? तेव्हा त्याने जे सांगितलं ते ऐकून मी वहीच बंद केली आणि नुसती ऐकत बसले.

त्याच्या बहिणीची, कविताची, सोयरीक ठरली होती. त्यांच्या पाड्याची रीत अशी, की मुलाकडचे दारू घेऊन येतात. गावाच्या शिवेवर थांबतात. मुलीचा भाऊ तिथे सामोरा जातो आणि त्यांच्या हातातली दारू आपल्या हातात घेतो. घेतली, म्हणजे नातं मान्य. मग घरी जाऊन पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थोडी सांडायची, तिला धार टाकणं म्हणतात. धार पडली की सोयरीक पक्की.

पूर्वी ही दारू घरी गाळलेली, मोहाची असायची. कायद्याने तो गुन्हाच. पण मुलाचा बाप रूपसिंग नव्या वळणाचा माणूस. त्याने रस्त्यावरच्या सरकारमान्य दुकानातून सीलबंद बाटल्या घेतल्या. एका दिवसाचा परवानाही आपल्या नावाने फाडून घेतला. दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला, प्यायला परवाना लागतो, हे आपल्याकडे पिणाऱ्यांनाही माहीत नसतं. रूपसिंगला माहीत होतं. कागद खिशात, बाटल्या पिशवीत. सगळं कायदेशीर.

शिवेवर सायसिंगने पिशवी हातात घेतली आणि त्याच वेळी पोलिसांची गाडी आली. तो रस्ता पुढे गुजरातला जातो. गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे त्या रस्त्यावर बाटल्यांची कुठलीही पिशवी चोरटी वाटते.

“कोणाचं हे?” हवालदाराने विचारलं.

“माझं, साहेब. हा परवाना,” रूपसिंग म्हणाला.

इथे विषय संपायला हवा होता. पण सायसिंग पुढे झाला आणि म्हणाला, “नाही. आता माझं.”

“का रे बाबा?” मी कपाळाला हात लावला. “त्यांनी सांगितलं होतं ना त्यांचं म्हणून?”

“मी पिशवी घेतली होती मॅडम. मग त्यांचं कसं? त्यांचं म्हटलं तर मी ती परत दिली असा अर्थ होतो. दारू परत दिली म्हणजे मुलगी देणार नाही. बहिणीची सोयरीक तिथेच मोडली असती.”

हवालदाराने वय विचारलं. बावीस. आणि गाडी तिथेच अडली. महाराष्ट्रात बियर आणि वाइनसाठी वय एकवीस. बाकी दारूसाठी पंचवीस. सायसिंगला परवाना काढायचा असता तरी मिळाला नसता. रूपसिंगच्या हातात जी पिशवी कायदेशीर होती ती वीतभर सरकली आणि गुन्हा झाली.

माझ्या डोक्यात जाळ झाला. इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तापीकाठच्या गुजर घरातली. केळी, ऊस आणि वडिलांची व्यसनमुक्तीची पत्रकं. सुट्टीत आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो. ‘दारूचा थेंब, संसाराचा अंत’ हे मी पाढ्यांच्या आधी वाचलेलं आहे. त्यामुळे दारू पिण्याचं वय खाली आणा असं म्हणणारे लोक मला दारूवाल्यांचे दलाल वाटायचे. आणि त्या दिवशी घरी जाताना मीच मनात भाषण रचत होते. अठराव्या वर्षी हा मुलगा सरकार निवडू शकतो. एकविसाव्या वर्षी लग्न करू शकतो. बाप वारल्यापासून घरचा कर्ता तोच आहे. पोलीस झाला तर त्याच्या हातात बंदूक देणार. आणि बहिणीच्या सोयरिकीची पिशवी धरायला तो लहान?

मी अर्ज लिहायला घेतला. ज्यांच्या ऑफिसात मी काम करते ते सीनियर, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी तो चष्मा वर करून वाचला. आबा कोर्टात मराठी, ऑफिसात अहिराणी बोलतात.

“वो माय, तू खटला लढी ऱ्हायनी का भाषण लिखी ऱ्हायनी?”

“आबा, पंचवीस हे वयच अन्यायाचं आहे.”

“व्हई. पण ते वय मुंबईले ठरनं. तुन्हा पोऱ्या आठे उभा शे. कायदा नंतर बदल, पयले पोऱ्याले सोडाव.”

“कसं सोडवू?”

“परवाना कोना नाववर शे?”

“रूपसिंगच्या.”

“मंग रूपसिंगले साक्षीले आन. म्हनाले सांग, दारू मन्ही, पोऱ्या फक्त धरी ऱ्हायंता. व्हई गयं.”

आबांचं बरोबर होतं. ‘ताबा’ म्हणजे नुसतं हातात असणं नव्हे. परवानाधारक शेजारी उभा आहे, त्याचं सामान दुसऱ्याने धरलं, तर सामान त्याचंच. आणि सायसिंग हवालदाराला जे म्हणाला त्याची भीती नव्हती, कारण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही. हे मी सायसिंगला फोनवर आनंदाने सांगितलं.

“म्हणजे मी खरं बोललो ते मोजायचं नाही?”

“तुझ्या फायद्याचं आहे रे.”

“आणि रूपसिंगमामा कोर्टात म्हणणार दारू त्यांची? मग मी शिवेवर काय घेतलं? नको मॅडम. मला दंड करा.”

म्हणजे एका बाजूला त्याची भरती, दुसऱ्या बाजूला बहिणीचं लग्न. आणि मला वाटत होतं की केस पंचवीस या आकड्याची आहे.

मी खापरहून जीप पकडून पाड्यावर गेले. केसचं काम होतंच, पण खरं सांगायचं तर कुतूहल जास्त होतं. मला प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा होता : माणूस कितव्या वर्षी दारूला हात लावण्याएवढा मोठा होतो?

सायसिंगच्या आईने, जमनाबाईंनी, कोरा चहा दिला. त्या घरी भिलीच बोलतात. सायसिंग आणि कविता मला मराठीत सांगत होते. मी माझं भाषण थोडक्यात ऐकवलं. वय खाली आणायला हवं, निदान एकवीस, वगैरे. जमनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या. कविता म्हणाली, “आई म्हणते, आमचा बाप पंचवीसच्या वर होता. तो कायद्याने बरोबर पीत होता.”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

“बाबा कशाने गेले?”

“त्यानेच,” सायसिंग म्हणाला. “मी पीत नाही मॅडम. धार टाकतो, ओठाला लावत नाही.”

म्हणजे माझा अशील, ज्याच्यावर दारूचा गुन्हा होता, तो आमच्या वडिलांच्या पत्रकातला आदर्श तरुण निघाला.

“मग वय खाली आणू नये?” मी जमनाबाईंना विचारलं.

त्यांनी हात हलवला. उत्तर कविताने सांगितलं. “ती म्हणते, पोराच्या हातून धार पडते तेव्हा मला भीती वाटत नाही. धार टाकून बाटलीत जे उरतं त्याची वाटते. त्याचं वय ठरवा.”

कविता स्वतः नर्सिंग शिकते. तिचं बोलणं झटपट. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, मी एकवीसची. कायदा म्हणतो मी बियर पिऊ शकते. आमची रीत म्हणते मी धार टाकू शकत नाही, बाई म्हणून. तुम्ही कोणत्या वयाबद्दल बोलताय?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं दादाची भरती वाचली पाहिजे. चला.”

“कुठे?”

“सासऱ्याकडे.”

लग्नाआधी मुलीने स्वतः सासरच्या दारात जायचं नसतं, हे तिथे पोचल्यावर मला कळलं. रूपसिंग ओट्यावर मोटरसायकल पुसत होता. कविताला पाहून त्याचं फडकं हातातच राहिलं.

“तू इथे? लग्न झालं की काय, आणि मला कोणी सांगितलंच नाही?”

“मामा, वकीलताईंना वाट दाखवायला आले.”

“वाट सरळ आहे. चुकण्यासारखी नाही.”

मी काम सांगितलं. कोर्टात येऊन एवढंच बोलायचं, की दारू तुमची होती. रूपसिंगने मान हलवली.

“ताई, मी तेव्हाच पोलिसाला सांगितलं होतं माझी म्हणून. घाईत सांगितलं. चूक केली. पोराने ती झाकली. आता भर कोर्टात पुन्हा तेच बोलू? लोक म्हणतील रूपसिंगने दिलेली दारू परत मागितली. दारू परत मागणं म्हणजे मुलगी नको म्हणणं. तुमच्यात काय, फोन करून सांगता. आमच्यात असं सांगतात.”

“मग मी म्हणते ना,” कविता म्हणाली, “बाटल्या परत घ्या, मला ठेवा.”

“तू गप्प बस. तोंड बघ केवढं! माझ्या पोराचं काय होणार?”

“त्यालाच विचारा. त्यानेच पाठवलंय मला.”

आतून कोणीतरी खोकलं. नवरा मुलगा आतच होता, बाहेर यायची हिंमत नव्हती.

तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. “पिशवी तर पोलीस घेऊन गेले. मग त्या दिवशी धार पडली का?”

रूपसिंग माझ्याकडे पाहू लागला. “पडली ना. पाहुणे जेवून गेले.”

“कशाची?”

तो आढ्याकडे बघू लागला. कविता अंगणातल्या कोंबड्यांकडे.

“ताई,” रूपसिंग हळूच म्हणाला, “तुम्ही वकील आहात. ते विचारू नका.”

मी विचारलं नाही. पण दुसरं विचारलं. “म्हणजे सोयरीक त्या पिशवीवर पक्की झालीच नाही. ती दुसऱ्याच धारेवर झाली. मग पोलिसांनी नेलेली पिशवी कोणाची?”

रूपसिंगने फडकं झटकलं. “हे मी सांगू शकत नाही. पंच सांगतील.”

पंच बसले. गावचा कारभारी, म्हणजे अशा बाबतीत ज्याचा शब्द चालतो तो म्हातारा, मधे. पुरुष पुढे, बाया मागे. मला खाटेवर बसवलं. मी आयुष्यात इतके युक्तिवाद ऐकले नव्हते. एकजण म्हणाला, भावाने हातात घेतली, विषय संपला, पिशवी त्याची. दुसरा म्हणाला, मग धार कशाला टाकतात, हातात घेऊनच भागलं असतं. तिसरा म्हणाला, शीव आणि घर यांच्यामध्ये दारू कोणाचीच नसते. हे मी मनात लिहून ठेवलं, पण कोर्टात चालणार नव्हतं. बेवारस दारू म्हणजे आणखी नवा गुन्हा.

मागून जमनाबाई बोलल्या. उभ्या राहून बोलल्या. सायसिंगने मला अर्थ सांगितला : माझ्या पोराने त्यांची लाज राखायला ती माझी म्हटली. आता त्यांनी माझ्या पोराची भाकर राखायला ती आपली म्हणावी. यात परत देणं-घेणं कुठे आलं?

कारभाऱ्याने विडी विझवून निकाल दिला. धार पडली ती धरायची. पिशवी पोचली नाही ती धरायची नाही. रूपसिंगने कोर्टात जावं. यावरून पुढे कोणी त्याला बोललं तर बोलणाऱ्याला दंड.

मी निघताना कारभाऱ्यालाही माझा प्रश्न विचारला. कितव्या वर्षी?

“आमच्याकडे जन्माचं वर्ष कुणाला ठाऊक असायचं?” तो हसला. “बाप असतो तोवर पोरगा लहान. सायसिंग लवकर मोठा झाला. त्यात चांगलं काय आहे, ताई?”

खटल्याच्या दिवशी मी हवालदाराची उलटतपासणी घेतली. म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारायचे.

“परवाना दाखवला होता?”

“हो.”

“कोणी?”

“त्या मोठ्या माणसाने.”

“तो किती अंतरावर होता?”

“बाजूलाच.”

“मग गुन्हा मुलावर का?”

“तो म्हणाला...”

“तो काय म्हणाला ते सांगता येणार नाही,” न्यायाधीशांनीच थांबवलं.

हवालदार माणूस वाईट नव्हता. वैतागून म्हणाला, “साहेब, मी सोडायलाच निघालो होतो. त्यानेच सोडू दिलं नाही.”

रूपसिंग पांढरा सदरा घालून आला होता. परवाना, दुकानाची पावती, सगळं दाखवलं. दारू कोणाची, या प्रश्नावर तो क्षणभर सायसिंगकडे वळला. मग म्हणाला, “माझी. पोराने माझं ओझं धरलं होतं.”

शेवटच्या युक्तिवादात मला राहवलं नाही. मी म्हणाले, “साहेब, आणि पंचवीस या वयाबद्दल मला थोडं...”

“मॅडम, कायदा बदलायचा असेल तर विधानसभेत जा. इथे पिशवीबद्दल बोला.”

मागे बसलेले आबा खोकले. मी पिशवीबद्दल बोलले.

सायसिंग निर्दोष सुटला. लग्न झालं. त्याची एक भरती खटल्यात बुडाली, पुढच्या वेळी तो मैदानात निवडला गेला. पडताळणीच्या कागदावर त्याने खटला लपवला नाही, निकालाची प्रत जोडली. त्यावर त्याला साहेबांसमोर बोलावून सगळं पुन्हा विचारलं. त्याने शिवेपासून धारेपर्यंत सगळं सांगितलं आणि कसा कोण जाणे, घेतला गेला. आता तो ट्रेनिंगला आहे.

वय खाली आणावं का? मी दोन लेख लिहिले, दोन्ही फाडले. पंचवीस हा आकडा सायसिंगला गुन्हेगार ठरवतो आणि त्याच्या बापाला काहीच विचारत नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. पण तो आकडा एकवीस केला म्हणजे जमनाबाईंच्या घरात काय बदलेल, हे मला कोणी सांगितलेलं नाही. जो सांगेल त्याचं पत्रक मी स्वतः वाटेन.

सरकारचा आकडा होता तिथेच आहे. पाड्याची रीत मात्र एका बैठकीत बदलली, हे सायसिंगने फोनवर सांगितलं. जमनाबाईंच्या हट्टाने आता सोयरिकीला एकच बाटली आणायची. आणि शिवेवर भावाने पिशवी पूर्ण हातात घ्यायची नाही. पिशवीचा एक बंद मुलाच्या बापाने धरायचा, एक भावाने, आणि दोघांनी तशीच घरापर्यंत चालत न्यायची. परवाना बापाच्या खिशात. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली आहे.

कायद्याच्या पुस्तकात याला ‘संयुक्त ताबा’ म्हणतात. तोही गुन्हा ठरू शकतो. हे त्यांना सांगायला मला पुन्हा एकदा पाड्यावर जावं लागेल, आणि या वेळी अशिलाला काही सांगण्याआधी मी विचारणार आहे, की त्याच्या गावात याला काय म्हणतात.